रॅपर न काढलेले ठोकळे

मंडळी, आज लेकीसोबत नेरूळच्या एका कॉलेजात गेलो होतो. मृण्मयीला विशेष मुलांना शिकवण्याची पदवी घ्यायची आहे. मी स्वतः कॉलेजची पायरी चढलेलो नाही, जे शिकलो ते स्वतःच्या हिमतीवर. त्यामुळे कुणी काही दाखवलं की मी हात लावून बघतो.

तिथल्या मॅडमनी सरावाची खोली दाखवली. ठोकळे, चेंडू, ब्रेलच्या पाट्या, सगळं कपाटात ओळीने मांडलेलं. मी एक ठोकळा उचलला. प्लास्टिकचं रॅपर तसंच! दुसरा उचलला, तोही तसाच.

"मॅडम, इथे मुलं कधी येतात?"

"इथे नाही येत, काका. सरावाला तुमची मुलगी शाळेत जाईल ना."

"कुठल्या शाळेत?"

"ते आम्ही बघतो. हजेरीचंही टेन्शन घेऊ नका, ॲडजस्ट होतं."

झालं, इथे सराव फक्त कागदावरच होतो, हा माझा संशय पक्का झाला.

मृण्मयी माझी बाही ओढत होती. "पप्पा, पुरे ना! भाजी घेतानाही असंच करता."

पण परत येताना रिक्षात तीच हळू आवाजात म्हणाली, "तशी मी पास होईन हो. पण पहिल्याच दिवशी वर्गात एखादं मूल रडायला लागलं, तर मी काय करू?"

अर्ज भरला नाही.

तुमचं मूल विशेष शाळेत जात असेल, तर एवढंच सांगा. त्याच्या वर्गात सरावाला खरोखर रोज येणाऱ्या मुली कुठल्या कॉलेजच्या आहेत? मला त्याच कॉलेजात चौकशीला जायचंय. आणि तिथेही मी ठोकळे उचलून बघणारच.