गळकं गेट

माझे वडील तलावाच्या गेटवर एकतीस वर्षं नोकरीला होते, आणि एकतीस वर्षं ते गेट गळत होतं. खालची रबरी पट्टी पार झिजलेली. बाबा रोज सकाळी पाण्याची पातळी नोंदवहीत लिहायचे आणि पुढे तेच वाक्य: 'गेट गळते, दुरुस्ती हवी.' ऑफिस ढिम्म हलत नसे. येणारेजाणारे मात्र "काय गळकेसाहेब!" म्हणून हाक मारायचे. बाबा वरवर हसायचे, पण ते जिव्हारी लागायचं. मला राग यायचा तो बाबांचाच. ऑफिसच्या झिजलेल्या पट्टीची लाज या माणसाने का बाळगावी?

थंडीत दूरदेशीचे पक्षी तलावावर यायचे. बाबांचा त्यांच्यावर भारी जीव. आई म्हणायची, "माझा भाऊ आला की यांच्या कपाळाला आठ्या, आणि पाखरं आली की दाढी करून तयार!"

निवृत्तीला चार महिने उरले आणि ऑफिसला एकदाची जाग आली. नवी पट्टी बसली. थेंब गळेना. तलाव दगडी बांधापर्यंत काठोकाठ भरून राहिला. बाबांचा मला फोन आला, "ये बघायला. यंदा पाखरांसाठी समुद्र करून ठेवलाय!"

मी रजा काढून गेले. पहिला थवा आला तेव्हा आम्ही गेटच्या खोलीत चहा घेत होतो. बाबा कप तसाच टाकून बाहेर धावले. पक्ष्यांनी तीन घिरट्या घातल्या आणि न उतरताच ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी बदकं उतरली. शेपट्या वर करून त्यांनी डोकी बुडवली, पण चोच काही तळाला पोचेना. संध्याकाळपर्यंत तीही गेली. आठवडाभर हेच चाललं.

"काय बिनसलंय यांचं?" बाबा पुन्हा पुन्हा विचारत होते.

मग एका सकाळी बांधावर लांब चोचीचा एक पक्षी मरून पडलेला दिसला. बाबांनी तो उचलून हातात तोलला.

"अगं, याला वजनच नाही."

मी तो हातात घेतला. छातीचं हाड बोटांना टोचलं. हजारो मैल उडून आलेला जीव आमच्या दारात उपाशी मेला होता.

"चोच बघ," बाबा म्हणाले. "स्वच्छ आहे. यांच्या चोची कायम चिखलाने माखलेल्या असायच्या."

बोलता बोलता ते थांबले. खोलीत जाऊन त्यांनी जुन्या नोंदवह्या काढल्या. दर थंडीत पातळी रोज थोडी थोडी उतरलेली. गेट गळायचं, पाणी मागे सरायचं, काठाला ओला चिखल उघडा पडायचा. त्या चिखलातल्या अळ्या-किड्यांवर ही पाखरं जगायची.

"मी तक्रार लिहीत होतो," बाबा म्हणाले, "आणि तिकडे ही पाखरं जेवत होती. त्यांचं ताट मीच बुडवलं गं."

बाबांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

त्या दिवशी त्यांनी कोणालाही न विचारता चाक फिरवून गेट बोटभर उघडलं. नोकरीतला हा पहिलाच नियमभंग. बारा दिवसांनी चिखलाची पट्टी दिसू लागली. तोवर थवे पुढे गेले होते.

निवृत्तीच्या दिवशी नव्या माणसाला किल्ल्या देण्याआधी बाबांनी नोंदवही उघडली. मी खांद्यावरून वाचलं.

'गेट गळत नाही. दुरुस्ती हवी.'