टाकी पडलीच तर...

तर पहिल्या दिवशी सगळ्यात आधी आली ती शमीमबी. गफूरभाई प्लंबरची बायको. औशाहून दोघं आली, पण नवरा गेटपाशीच पाईप उतरवत थांबला... आमच्या वर कोचिंगच्या पोरी राहतात ना, म्हणून.

जिथं मुली भाड्यानं राहतात तिथं गफूरभाई एकटा जिना चढत नाही. आधी शमीमबी वर जाणार, दारं वाजवणार, पोरींनी वाळत घातलेले कपडे आवरले की मग त्याला हाक मारणार. पाना, टेफ्लॉनची टेप, सगळं तिच्याच पिशवीत. शेजारीण म्हणालीच, प्लंबर बायकोला कशाला आणतो गं कामावर? मी म्हटलं, तुझ्याकडं पोरी राहायला असत्या तर कळलं असतं.

सांगायचं ते राहूनच जातं बघा. लातुरातलं हे घर आम्ही भूकंपानंतर बांधलं. त्याआधी औशाकडं गावात माळवदाचं घर होतं, छतावर हात-दीड हात माती. भूकंपात ते माळवद खाली आलं, आणि माझी सात वर्षांची लेक शकू त्याच्याखाली गेली... जास्त नाही लिहीत.

तेव्हापासून माझं एकच. माणूस जिथं झोपतो तिथं त्याच्या डोक्यावर वजन नको. स्लॅबवर पाण्याची टाकी चढवू दिली नाही ती नाहीच. पाणी खाली हौदात, आणि वरच्या पोरी बादल्या भरून जिना चढायच्या. शकूचं सगळ्यांना ठाऊक, म्हणून कुणी तोंडावर बोलायचं नाही.

किती प्लंबर आले नि चहा पिऊन गेले. मुलगा म्हणायचा, आई, हे आरसीसी आहे, काही होत नाही. आता काही होत नाही, असं तर आम्ही त्या माळवदाखाली पण म्हणत होतो...

पण मागं इस्लापूरची कविता बादली घेऊन जिन्यात घसरली. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरकीची परीक्षा तोंडावर, आणि पोरगी डाव्या हातानं उत्तरपत्रिकेतले गोल काळे करायची प्रॅक्टिस करत राहिली. मी पोरींची डोकी जपत बसले, आणि हात मोडला तो माझ्यामुळंच...

म्हणून गफूरभाईला बोलावलं. पण तो मान वर करून स्लॅबकडं बघायला लागला तशी मी जिन्याच्या पायरीवर बसले ती उठेचना. शमीमबीनं हळूहळू सगळं काढून घेतलं नि त्याला सांगितलं. तो मग माझ्यासमोर उकिडवा बसला.

मी म्हटलं, "टाकी पडणार नाही, एवढं सांग मला."

"असं कसं सांगू, अम्मा? पडू बी शकते. पण पडली तर कुठं पडंल, ते आपल्या हातात हाय."

स्लॅबवर नकोच, म्हणाला. अंगणाच्या कोपऱ्यात वेगळा लोखंडी स्टँड करू. शमीमबीनं दोरी काढली. स्टँड नि टाकी मिळून जेवढी उंची होणार, तेवढी मोजून त्यानं गाठ मारली. एक टोक कोपऱ्यात स्वतःच्या पायाखाली दाबलं, गाठ माझ्या हातात दिली नि म्हणाला, आता घराकडं चाला.

मी चालले... दोरी ताणली गेली, पण घराच्या भिंतीला माझा हात काही लागेना. दोन पावलं कमी. या अंगानं फिरले, त्या अंगानं फिरले, तेच. मागं तर मोकळा प्लॉटच. तेव्हा कुठं म्हटलं, कर बाबा.

त्या दिवशी खड्डे घेऊन काँक्रीट भरलं. त्याला रोज पाणी मारायचं काम माझ्याकडं. परवा दोघं परत आली. स्टँड, टाकी, वरपर्यंतचे पाईप, सगळं जोडलं.

मोटार चालू केली, तशी दोघं नवरा-बायको जाऊन टाकीच्या बरोबर खाली उभी राहिली. मी विचारलं, हे काय? शमीमबी म्हणाली, "दर टाकीला आमी असंच थांबतो, अम्मा. भरंस्तोर."

मी पदर खोचला नि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. वर बघायचं धाडस नाही झालं... पण उभी राहिले. भरेपर्यंत.

मग वरून कविता ओरडली, आजी, नळाला पाणी आलं. काय सांगू तुम्हाला... आज सकाळपासून पाच वेळा उगीच वर जाऊन नळ सोडून आले. खाली तांब्या धरला होता हो, लातूरकरांना पाणी सांडायचं काळीज कुठून येणार.

माझी भीती त्यांनी खोटी नाही ठरवली, मोजून दिली. लई उपकार झाले.

शुक्रवारी नमाज झाली की येतो म्हणालेत दोघं. भरल्या टाकीखाली पाया खचला तर नाही ना, ते बघायला.