मेंढरांकडे बघणारे मामा

आमच्या पीएचडीला मार्गदर्शक दोन आणि प्रयोगशाळाही दोन, एक साताऱ्यात, दुसरी सांगलीत. तिसरे गुरुजी कागदोपत्री कुठेच नव्हते. ते जतच्या माळावर मेंढरं राखायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो.

रक्ताचे नमुने घ्यायला गेलं, की मामा आधी आम्हाला कळपात नुसतं बसवून ठेवत. "मेंढरांस्नी तुमचा वास कळू दे, मंग टोचा." बोलतानाही त्यांची नजर कळपावरच असे. त्यांनी आमच्याकडे कधी नीट बघितल्याचं मला आठवत नाही.

एकदा बाभळीच्या काट्यांत अडकून बऱ्याच मेंढ्यांच्या कानांतले नंबरांचे बिल्ले गळून पडले. आता कुठलं रक्त कुणाचं? वर्षभराचं काम वाया गेलं म्हणून मी तिथंच रडायला लागले.

मामा तंबाखू मळत उठले. "रडतीस कशापाई? लिव." मग एकेका मेंढीचं तोंड वर करून सांगू लागले. "ही सगळ्यात पैली टोचलेली, लाथ झाडली हुती बघ. ही तिच्या मागनं." सांगता सांगता ते एका काळ्या कानाच्या मेंढीपाशी थांबले. "ही बारावी. हिच्या येळंला तुजा हात लय कापत हुता."

मामांनी सांगितलं तसे नंबर घालून मी सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं, आणि सांगलीच्या प्रयोगशाळेतल्या माझ्या मैत्रिणीनं ते जुन्याशी ताडून पाहिलं. मामांची एकही मेंढी चुकली नव्हती.

पुढच्या खेपेला मी सुई हातात घेतली. मामा नेहमीसारखे कळपाकडेच बघत होते.

"आता न्हाई कापत," ते म्हणाले.