मामाच्या रेशनकार्डावर

पेणच्या कॉलेजची तीन वर्षं मी कागदोपत्री मामाकडे राहत होतो. प्रत्यक्षात राहत होतो रोह्याला, नदीपलीकडे अष्टमीत, आईवडिलांजवळ. मामा पेणच्या खाडीकडच्या गावात, मिठागरावर कामाला. वडील रोह्याच्या कंपनीत कायम. पगार फार होता असं नाही, पण फी-सवलतीच्या मर्यादेच्या थोडा वर जायचा. मामाच्या बाबतीत तो प्रश्नच नव्हता. तलाठ्यानं त्याच्या मिठानं चिरलेल्या पायांकडे बघूनही उत्पन्नाचा दाखला लिहून दिला असता.

तेव्हा कंपनीवाल्यांच्यात हे सर्रास चालायचं. मुलाचं नाव आपल्या रेशनकार्डावरून कमी करायचं, गावाकडच्या काकाच्या नाहीतर मामाच्या कार्डावर चढवायचं, अर्जावर पालक म्हणून त्याची सही घ्यायची. कुणाला त्यात चोरी वाटत नसे. भाचा मामाकडे शिकतो, यात वाटण्यासारखं होतं तरी काय? मामाला तर उलट अभिमान. “आमचे घरान दोन कॉलेजवाले हायत,” असं तो मिठागरावर सांगायचा. एक त्याचा मुलगा, माझ्याच वयाचा, दुसरा मी.

या लबाडीचा एक भुर्दंड आम्हाला पडला. माझा पत्ता पेणजवळचा, त्यामुळे रोह्याहून रेल्वेच्या पासाची विद्यार्थी-सवलत मला मिळेना. पेणलाच राहणारा मुलगा रोज रोह्याहून गाडीनं कशाला येईल? “तेवढं सोसू,” वडील म्हणाले. मग मी पूर्ण पैशांचा पास काढायचो आणि वाटेत कासू स्टेशनात चढणाऱ्या वर्गातल्या मुलांना तो दिसू नये म्हणून पुस्तकात घालून ठेवायचो.

माझ्या शेवटच्या वर्षी मामाची मुलगी बारावी झाली. मार्क चांगले होते, माझ्यापेक्षा चांगले. मामा धुतलेला सदरा घालून तिला आमच्याच कॉलेजात घेऊन आला. मी त्यांच्याबरोबर खिडकीशी उभा होतो. कारकुनानं कागद चाळले आणि म्हणाला, “तुमच्या घरातले दोघं आधीच सवलतीत आहेत. तिसऱ्याला मिळत नाही. पूर्ण फी भरा, नाहीतर पुढच्या वर्षी या. तेव्हा हे दोघं सुटलेले असतील.”

मामा माझ्याकडे वळून हसला. “भाच्या, दोनच चालतात म्हनं. माज्या त ध्यानातच नाय आला.” जसं काही चुकलं होतं त्याचंच. मुलगी म्हणाली, “र्‍हाऊ दे बाबा, फुडचे वरसाला बघू.” मग दोघं उन्हातून एसटी स्टँडकडे गेली.

ती गेल्यावर कारकुनानं मला परत बोलावलं. आवाज खाली आणून म्हणाला, “यंदा सवलत नको म्हणून एक अर्ज दे. फी पूर्ण भर. तिचं नाव बसवतो तुझ्या जागी. पण या आठवड्यात आण.” असे भाचे त्यानं बरेच पाहिले असणार.

तो अर्ज मी दिला नाही. वडिलांना विचारलंसुद्धा नाही. त्यांनी त्याच वर्षी रोह्याजवळ वरसेत हप्त्यांवर प्लॉट घेतला होता आणि घरात दुसरं बोलणंच नसायचं. पण विचारलं असतं तर कुरकुरत का होईना, त्यांनी फी भरली असती. ते मला पक्कं ठाऊक होतं. सोमवारी विचारू, मंगळवारी विचारू, असं करत आठवडा काढला, आणि आठवडा संपल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. दुसरं काही कारण मी इतक्या वर्षांत शोधलं, सापडलं नाही.

मामेबहीण त्या पावसाळ्यात पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला लागली. वर्षभरापुरती. वर्षानं सवलत मोकळी झाली, पण तोवर तिची कमाई घरखर्चात मुरली होती आणि स्थळं बघणं सुरू झालं होतं. तिला कुणी अडवलं नाही. कॉलेजला जा, असंही कुणी म्हणालं नाही.

गेल्या वर्षी ती वरसेला माझ्या घरी आली. मामा आणि वडील दोघंही आता नाहीत. त्या प्लॉटवरच्या घरात मी राहतो. तिच्या मुलीचा इंजिनियरिंगला नंबर लागला होता. शैक्षणिक कर्जाला बँक जामीनदार मागत होती, कायम नोकरीतला. नवरा कंपनीत कंत्राटावर, भावाचीही नोकरी कायम नाही. “दादा, आमच्यात पगारवाला तूच येक,” म्हणत तिनं पिशवीतून फाइल काढली.

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. मग तिला सगळं सांगितलं. कारकून काय म्हणाला, मी काय केलं नाही, ते.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हंजे सही करायची नाय तुला?”

“तसं नाही गो...”

“मंग आत्ता कशाला काढलंस? नाय म्हनायचं त सरळ नाय म्हन. मी दुसरीकडं जाते. एवढी फिरवाफिरव कशाला?”

“सही करतोच आहे. फक्त तुला ठाऊक असावं म्हणून सांगितलं.”

“आनि मला ठाऊक आसून मी काय करू त्याचं?”

बायको चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. तीही हे पहिल्यांदाच ऐकत होती.

बहिणीनं विचारलं, “किती व्हती रं तवा फी?”

मला आठवेना. पासाचे पैसे आठवत होते, प्लॉटचा हप्ता आठवत होता. फी आठवत नव्हती.

“कारखान्यात मी दोन म्हैन्यांत तेवढं कमावलं व्हतं,” ती म्हणाली. “पन तवा तारीख निघून गेलेली.” फाइल तिनं माझ्याकडे ढकलली. “कुटं कुटं करायची ती बघ. मी चष्मा नाय आनला.”

पुढच्या आठवड्यात आम्ही पेणला बँकेत गेलो. मुलगी शिकत असेपर्यंत हप्ता नाही, एवढंच बहिणीनं ऐकलं होतं, आणि ती निश्चिंत होती. साहेबानं समजावलं, की हप्ता नसला तरी व्याज पैसे उचलल्यापासून चढत राहतं. महिन्याच्या महिन्याला भरलं तर बरं, नाहीतर शेवटी ते मुद्दलात मिळवतात आणि मग त्या वाढलेल्या रकमेवर व्याज. तिनं दोनदा विचारून घेतलं. नीट समजल्यावर माझ्याकडे बघितलं.

“ते तू भर,” ती म्हणाली. त्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती.

“नक्की ना?” साहेबानं मला विचारलं. “मध्येच थांबवलंत तर मुलीच्याच डोक्यावर बसेल.”

“भरतो,” मी म्हणालो.

सांगून टाकल्यावर हलकं वाटेल अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. नुसतं थकल्यासारखं वाटलं, लांबचं चालून आल्यासारखं. स्टँडसमोर चहा घेताना मी वाट बघत होतो, आता तरी ती काही बोलेल, शिवी देईल. ती हॉस्टेलच्या गादीबद्दल बोलत राहिली. इथून न्यावी की तिकडं घ्यावी. एरवी ती मला पाकिटाला हात लावू देत नाही, पेणला आलास म्हणजे पाहुणा, म्हणते. त्या दिवशी तिनं चहा संपवला, ग्लास ठेवला आणि सरळ रिक्षाकडे चालू लागली. पैसे मी दिले.