दर सहा तासांनी

धनेशला कुणी बोल लावला तर माझ्याशी गाठ हाय, आधीच सांगून ठेवतो.

धनेश म्हणजे आमच्या नामाकाकांचा मुलगा. रेवसच्या अलीकडे, खाडीच्या काठाला आमचं गाव. पोरानं कुठलंसं फुकटातलं सॉफ्टवेअर आणून गावापुरतं फेसबुक बनवलं. हवामान खात्याचे इशारे, मांडव्याच्या बोटींच्या वेळा, असल्या आरएसएस फीड, म्हणजे त्या-त्या साइटवरच्या ताज्या नोंदींच्या याद्या, त्याला जोडल्या. दर दहा मिनिटांनी ते पान फीड तपासायचं, आणि नवं काही आलं की सगळ्या गावाचे फोन टिंग! हळूहळू दुसरीकडे बघायची सवयच सुटली आमची.

मग माझे वडील, रावजी, गेले. दहाव्याला पिंड ठेवला, कावळा खाली उतरला, चोच पुढे केली, आणि चाळीस फोन एकदम वाजले. बोटीला अर्धा तास उशीर म्हणे! कावळा उडाला तो उडालाच. माझं डोकं फिरलं. गावकीच्या बैठकीत मी धनेशला उभा-आडवा घेतला.

"भरती सहा तासांनी, ओहोटी सहा तासांनी. समुद्राला घाई न्हाय, तर तुझ्या फोनला कसली रे? सहा तासांनी वाजव."

"सुजितदादा, इशारा मध्येच आला तर?"

"तर काय आभाळ कोसळतंय?"

नामाकाका कोपऱ्यातून एवढंच म्हणाले, "भरतीला येळ असते, वाऱ्याला न्हाय." पण माझ्या दुःखापुढे कोण बोलणार? सगळ्यांनी माना डोलावल्या. धनेशनं माझ्यासमोर मिनिटांच्या चौकटीतले दहा खोडून तीनशे साठ घातले.

मे महिन्यातली पौर्णिमा. सकाळी सहाच्या टिंगला पानावर 'समुद्र शांत' आलं. नामाकाका बांधावर गेले. पौर्णिमेच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातलं फळ्यांचं दार, उचलून मिठागरात पाणी घ्यायचं, हे त्यांचं चाळीस वर्षांचं काम.

अकराच्या सुमारास दक्षिणेला काळं चढलं. वारा फिरला, नारळांच्या झावळ्या उलट्या झाल्या. ठमाकाकी, नामाकाकांची बायको, अंगणातून ओरडली, "सुजित, बघ रं फोनवर! मला काय बरं दिसत न्हाय."

मी बघितलं. "शांत हाय काकी. जेवायला येतील बघ."

ती आभाळाकडे बघत उभी राहिली. मी मात्र पंख्याखाली जाऊन बसलो. लाज वाटते सांगायला.

बाराच्या ठोक्याला अख्ख्या गावाचे फोन वाजले. लाल इशारा, वादळी वारा, किनाऱ्यापासून दूर राहा. खाली इशारा दिल्याची वेळ होती, सकाळी सहा पंचावन्न. धनेश अनवाणी धावला, मागे मी. बांध फुटला होता. उघाडीच्या जागी नुसतं पाणी घुमत होतं.

तिसऱ्या दिवशी तिवरांत सापडले काका.

दहाव्याला आम्ही सगळे फोन घरी ठेवून गेलो. पिंड ठेवला. कावळा समोरच्या फांदीवर येऊन बसला, पण खाली येईना. धनेश हात जोडून म्हणाला, "बाबा, परत दहा मिनिटांवर केलंय." न्हाय. काकी म्हणाली, "पोराला सांभाळीन." न्हाय. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, की मलाच तसं वाटलं, देव जाणे. मी पुढे झालो. "काका, आकडा मी बदलायला लावला. काकीला शांत हाय म्हणून मीच सांगितलं."

ऊन डोक्यावर आलं. कावळा फांदीवरून हलला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला.