भिंतीनं गिळलेलं अक्षर

"जित्तेपणी मारलं रे मला," ठकूआजी म्हणाली आणि समोरच्या टीव्हीकडं बोट केलं.

"टीव्हीनं?" मी विचारलं.

"नाय रे बाबा. टीव्हीतल्या पोरीनं. माज्या नातीनं!"

मी सारवलेल्या जमिनीवर चहाचा कप घेऊन बसलो होतो. शेजारी हत्यारांची पिशवी. सकाळचे साडेअकरा. दुपारी दोनला मालिकेचा कालचा भाग परत लागणार होता. तोवर मला टीव्ही असा करून द्यायचा होता, की त्यातलं एक वाक्य आजीला स्वच्छ ऐकू येईल. एकच वाक्य. खरं म्हणजे एकच अक्षर.

मी टीव्ही मेकॅनिक. दुकान शहापूरच्या बाजारात. आजवर इतके टीव्ही उघडले की एकावर एक रचले तर माहुलीच्या सुळक्यावरची घार माझ्याकडं मान वर करून बघेल. आणि कान असा, की वारा बरोबर असला तर आसनगाव स्टेशनातली अनाउन्समेंट मला किन्हवलीत ऐकू येते. प्लॅटफॉर्म नंबरासकट. बायको म्हणते, मग घरात हाक मारली की का ऐकू येत नाही? तो वेगळा फॉल्ट आहे.

हा पाडा किन्हवलीच्या पुढं, मुरबाडच्या अंगाला. भातकापणी उरकलेली. पेंढ्याचा वास हवेत असा दाटला होता की माणूस उभ्या उभ्या पेंगावा. मोटरसायकल लावली तेव्हा एक कोंबडाही जांभई देताना मी बघितला.

आजीचा मुलगा दादू मला सगळं सांगत होता. त्याची मुलगी मनीषा कल्याणला ऑफिसात कामाला, तिथंच मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. सुट्टीच्या दिवशी मालिकांच्या शूटिंगला गर्दीत उभी राहायला जाते. वर्षभर गर्दीत उभी राहिल्यावर तिला पहिलं वाक्य मिळालं. मोलकरणीचं काम. काल संध्याकाळी साडेसातला सगळा पाडा दादूच्या घरात. बाईसाहेबांनी काहीतरी विचारलं. मनीषा वळली. व्हायोलिनं रडायला लागली. आणि त्या रडारडीतून लोकांच्या कानावर आलं, "बाईसाहेब, आजी...एली."

"अर्ध्यांनी आयकलं 'मेली'," दादू म्हणाला. "कोणी म्हनं 'नेली'. आमचा भिकू तर म्हनं 'केली'."

दारात बसलेला शेजारचा भिकू म्हणाला, "मला तसंच आयकू आलं."

"आजी केली? आजी काय भाजी हाय का रं?" ठकूआजी कडाडली. "मेलीच बोलली ती. सगल्या दुनियेसमोर मारलं मला. दूध पाजून वाढवलेली पोर."

"अगो, मालिका हाय ती," दादू म्हणाला.

"मंग मालिकेतली आजी मारायची. माज्याकडं बघून कशाला बोलली?"

मनीषा कॅमेऱ्याकडं बघून बोलली होती, हे खरं.

मनीषाचा सकाळपासून फोनवर फोन. फोन लागतो तो घरामागच्या कातळावर, बाकी पाड्यात रेंज नाही. आजी कातळावर जायला तयार नव्हती. पोरीला कोणी काय विचारायचंही नाय, असा हुकूम होता. "ती आता काय बी सांगंल. माज्या कानानं आयकलं, दुसरं काय असंल तं माज्या कानानंच आयकीन." कालपासून तिनं तोंडात घास घातला नव्हता. रविवारी मनीषा घरी यायची होती, तिला आजीनं निरोप धाडायला सांगितला होता: मेलेल्या माणसाकडं कशाला येते? निरोप अजून दादूच्या खिशात होता. दोनपर्यंत तो तिथंच ठेवायचा त्यानं माझ्याकडून शब्द घेतला होता. की मी त्याच्याकडून, आता आठवत नाही.

मी टीव्ही बघितला. सेट नव्या पद्धतीचा, आजार नेहमीचा. आजकाल निम्मी गिऱ्हाइकं हेच सांगत येतात: गाणं ऐकू येतं, माणूस ऐकू येत नाही. पूर्वी टीव्ही पोटानं जाड, स्पीकर तोंडासमोर. आता टीव्ही इतका बारीक झालाय की स्पीकरला पुढं बसायला जागाच नाही. तो खालच्या अंगाला, जमिनीकडं तोंड करून बसवतात. आवाज आधी भिंतीवर, जमिनीवर आपटतो, मग आपल्याकडं येतो. सिमेंटची भिंत असली तर येतो तरी. इथं टीव्ही मेढीला, म्हणजे घराच्या लाकडी खांबाला, दोरीनं बांधलेला आणि मागं कुडाची भिंत. कारवीच्या काठ्या, वर शेणमातीचा लेप. अशी भिंत म्हणजे आवाजाला गादी. आला की झोपलाच.

त्यातून दादूनं रिमोटवर 'सराउंड' चालू केलेलं. सराउंड म्हणजे संगीत खोलीभर पसरवायचं बटण. संगीत पसरतं, माणूस बिचारा मागं ढकलला जातो.

आता शब्दाचं बघा. 'ए', 'ई', 'आ' हा जाड माल, कुठूनही पोचतो. म, न, क, ग हा बारीक माल. भिंत आधी बारीक माल खाते. म्हणून पाड्याला 'एली' मिळालं. पुढचं अक्षर ज्यानं त्यानं आपल्या स्वभावातून लावलं.

मी सराउंड बंद केलं. 'क्लिअर व्हॉइस' नावाचं एक सेटिंग मेनूत खोल पुरलेलं असतं, ते उकरून काढलं. टीव्ही मेढीवरून सोडून पुढं बाकड्यावर आणला. बातम्या लावल्या. पन्नास टक्के माणूस आला.

मग जेवण. भात, कुळथाचं पिठलं. आजीनं वाढलं, स्वतः खाल्लं नाही. मी हात धुऊन त्याच भिंतीला टेकलो, डोकं मागं गेलं, कान कुडाला लागला.

आता हे तुम्ही खरं मानू नका, पण मी ऐकलंय. भिंत बोलत होती. तीन वर्षांच्या मालिका तिनं पोटात ठेवल्या होत्या. सगळी बारीक अक्षरं, मुंग्यांच्या रांगेसारखी कारवीच्या काठ्यांतून हळूहळू चालली होती. कुठल्या सुनेचा 'स', कुठल्या खलनायकाचा 'ख', हवामानवाल्या बाईंचा सबंध 'पाऊस'. एक 'म' माझ्या कानाशी येऊन थबकला. मी म्हटलं, तू कालचा का? तो म्हणाला, छे, मी क्रिकेटचा. आणि लाजून आत गेला. बाहेर ऊन पिवळं, दूर कोणीतरी पेंढा झोडत होतं, तो ठोकाही भिंत हळूच पीत होती. मी अक्षरांना म्हणालो, बाबांनो, भिंत सोडा, परत फिरा. अक्षरं म्हणाली, फिरतो, पण आमच्यासमोर काहीतरी कडक धर.

भांड्याच्या आवाजानं मी जागा झालो. आजी पितळेची परात घासत होती. झणझण करत होती ती.

"आजी, ती परात द्या."

"कशाला?"

"टीव्हीच्या पोटाखाली लावायची."

"माज्या भाकरीची परात? त्या रांडंच्या टीव्हीला?"

"दोन वाजेपर्यंत."

दादूनं हात जोडले. आजीनं परात दिली, पण धुऊन परत द्यायची अटही घातली. मी ती स्पीकरखाली तिरपी टेकवली, तोंड माणसांकडं. जमिनीकडं जाणारा आवाज पितळेवर आपटून सरळ पुढं. बातमीदार असा कडकडीत बोलू लागला की भिकूनं त्याला नमस्कारच केला.

दोन वाजले. पाडा परत जमला. आजी सगळ्यात पुढं, पदर कानामागं खोचून. बाईसाहेब आल्या. मनीषा वळली. व्हायोलिनं रडली, पण लांब, शेजारच्या शेतात रडावी तशी. आणि मनीषा बोलली.

"बाईसाहेब, आजी गेली."

'ग' असा आला की पाथरवटानं घडवावा. मी खूश होऊन आजीकडं बघितलं.

टीव्हीवर साबणाची जाहिरात सुरू झाली.

"गेली म्हंजे?" भिकू हळूच म्हणाला. "गेली तं गेलीच की."

चाळीस वर्षांच्या धंद्यात पहिल्यांदा रिपेअर करून बिघडवलं होतं. 'मेली' निदान चूक तरी असू शकत होती. जाहिरात संपली, दुसराच सीन लागला.

आजी उठली. दादूला म्हणाली, "फोन घे." आणि चालायला लागली. कातळावर आजी, मागं दादू, मागं सगळा पाडा, शेवटी मी. पहिल्या रिंगलाच फोन उचलला गेला. दादूनं स्पीकर लावला.

"गो मने," आजी म्हणाली, "मी कुटं गेले?"

"काय?"

"टीव्हीत गो. आजी गेली बोललीस. कुटं गेली?"

पलीकडं ऑफिसातला पंखा ऐकू आला. मग मनीषा म्हणाली, "मुरबाडला, आजी. बाजाराला. ते पण बोलले होते मी. त्यांनी कापलं."

आजी फोनाच्या आणखी जवळ सरकली.

"काय आणाय गेले?"

"सुकट."

"बरं," आजी म्हणाली. "मंग रविवारी येताना सुकट तूच घेऊन ये. मी आता जेवते."

दादूनं खिशातला निरोप मुठीत चुरगळला आणि कोणाला न दिसेल असा कातळाखाली सोडला.

आजीनं घरात येऊन आधी टीव्हीखालची परात ओढून काढली आणि त्यात पीठ घेतलं. टीव्ही लगेच पुटपुटायला लागला. तक्रार कोणीच केली नाही.

तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला आधीच सांगतो: अक्षर काढून देईन, त्याची गॅरंटी. माणूस नक्की कुठं गेला, ते फोन करून विचारायचं.