सासऱ्यांची थापी

फजिती कुणाची होत नाही हो? सगळ्यांचीच होते. पण माझी झाली ती विटेवर वीट ठेवून, स्वतःच्या हातानं रचून झाली. घ्या, चहा घ्या, सांगतो. पण हसू येणार असेल तर कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी ऐकताना एकानं माझ्या शर्टावर फवारा मारला होता.

तर खंडाळ्याकडं एका कारखान्यात मी अकरा वर्षं क्वालिटी खात्यात होतो. क्वालिटी म्हणजे काय? दुसऱ्यानं केलेल्या कामात चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा! पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा, केसाएवढा फरक दिसला की ‘रिजेक्ट’ म्हणून बाजूला टाकायचा. सवय इतकी मुरली होती की एकदा जेवताना मी बायकोला, सुनंदाला, भाकरी एका अंगाला जाड आहे असं म्हणालो. एकदाच म्हणालो. पुन्हा नाही.

मग कंपनीत मोजायचं मशीन आलं आणि त्यानं आम्हालाच बाजूला टाकलं. चंबूगबाळं उचललं आणि पलूसला घरी आलो. दोन महिने अर्ज केले. जो तो म्हणे, “कळवतो.” अजून कळवतोय! घर चाललं होतं सुनंदाच्या शिलाई मशीनवर, आणि मी शेजारी बसून बघत होतो.

शेवटी एक दिवस तिनं मशीन थांबवलं. “आवं, एक सांगू? काम कसलंबी असू द्या. माती उचला, दगडं उचला, पर सकाळी डबा घिऊन भाईर पडा. तुमी हितं बसून माझं टाकं मोजताय, माझा हात थरथरतोय.”

खरंच मोजत होतो हो. दुसरा उद्योग काय होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्टँडजवळच्या अड्ड्यावर गेलो. अड्डा म्हणजे रोजानं कामाला जाणारी माणसं जिथं उभी राहतात ती जागा. बंगल्याचं, गोठ्याचं, कशाचंही बांधकाम असलेला मालक तिथं येतो, माणसं निवडतो, घेऊन जातो. मी इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट अशा थाटात उभा. पाच मिनिटांत दहाबारा जणांनी मला गराडा घातला.

“सायेब, किती माणसं पायजेत?”

आता काय बोलायचं? म्हणालो, “मीच कामाला आलोय.” सगळे अशा नजरेनं बघत पांगले की जणू मी त्यांची थट्टा केली. त्या दिवशी डबा घरी आणून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी फाटका शर्ट घातला. एक मालक आला, त्यानं माझा तळहात हातात घेतला, अंगठ्यानं दाबून पाहिला, म्हणाला, “मऊ हाय,” आणि पुढच्या माणसाकडं गेला. अकरा वर्षं मी पार्ट असेच बघत होतो, त्या पार्टांना काय वाटत असेल ते तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी मात्र मी डोकं चालवलं. इथंच घोळ झाला!

आमच्या माळ्यावर एक पिशवी आहे. माझे सासरे कराडचे नावाजलेले गवंडी. ते गेल्यावर त्यांची थापी, भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा आणि दोरी सुनंदानं आठवण म्हणून आणली होती. दसऱ्याला खाली काढायची, हळदकुंकू वाहायचं, परत वर. मी विचार केला, हातात हत्यार असलं की माणूस कामाचा दिसतो. ती स्वयंपाकघरात होती, मी हळूच पिशवी काढली. थापीची मूठ पिशवीतनं बाहेर दिसेल अशी ठेवली आणि निघालो.

आता मला बापड्याला काय ठाऊक की अड्ड्यावर कुणी कुणाला नाव विचारत नाही, हातातलं हत्यार बघतात? खोरं, घमेलं असेल तर तो बिगारी. थापी दिसली की मिस्त्री, म्हणजे गवंडी!

त्या दिवशी गावात कुठंतरी मोठा स्लॅब होता. आठ वाजेपर्यंत सगळे मिस्त्री उचलले गेले. नऊ वाजता एक पिकअप येऊन थांबली. आतून उतरले अण्णा, जैन बागायतदार, पांढरी टोपी, करडा आवाज. “एक मिस्त्री पायजे, एक बिगारी. गोठ्याच्या मागं भिंत घालायचीय.” त्यांची नजर माझ्या पिशवीवर थांबली.

“मिस्त्री का?”

देवाशपथ सांगतो, मी मान हलवली नाही. ती आपोआप हलली. तिसऱ्या दिवशीही भरलेला डबा घेऊन सुनंदासमोर जायची माझ्यात हिंमत नव्हती, एवढंच खरं.

बिगारी म्हणून त्यांनी एका बाईला घेतलं. पारूमावशी. पन्नाशीच्या, काटक, कपाळाला आडवं कुंकू. मिस्त्री पुढं अण्णांच्या शेजारी, बिगारी मागं घमेल्याजवळ, हा रिवाज. मी पुढं बसलो, आणि काय सांगू, बरं वाटलं हो!

कामावर गेल्या गेल्या चहा आला. मला खुर्ची आणि कपबशी. मावशींना वाळूच्या ढिगावर स्टीलचा पेला. दोन महिन्यांत मला कुणी कपबशी दिली नव्हती. मी बशीत ओतून सावकाश प्यायलो.

चहा संपला आणि समोर विटांचा ढीग. करायचं काय? मला जे येत होतं ते मी केलं. खिशातनं मेजरिंग टेप काढली आणि विटा मोजायला लागलो!

आपल्याकडची भट्टीची वीट तुम्हाला माहीत आहे. एकीसारखी दुसरी नसते. मी एकेक उचलायचो, लांबी, रुंदी, जाडी बघायचो आणि बाजूला टाकायचो. रिजेक्ट. रिजेक्ट. ही बरी. रिजेक्ट! मावशी सिमेंट-वाळूचा माल कालवून उभ्या. शेवटी त्यांना राहवेना.

“आवं मिस्त्री, ईट हाय ती, सोनं न्हवं. आन मी भिजवाय टाकू का न्हाई?”

“नको,” मी रुबाबात म्हणालो, “भिजल्यावर माप बरोबर येत नाही.”

मावशींनी माझ्याकडं एकदा बघितलं, एकदा आभाळाकडं बघितलं.

तेवढ्यात अण्णा आले. नाकारलेल्या विटांचा ढीग बघून विचारलं, “ह्या का काढल्या?”

“साइजमध्ये बसत नाहीत, अण्णा. रिजेक्ट केल्या.”

मला वाटलं, आता हाकलतात. पण अण्णांचा चेहरा फुलला! “आजवर तीन बांधकामं केली मी. एका गड्यानं ईट मोजली न्हाई! या, जरा घरात या.”

घरात नेलं, कोपरे दाखवले. मी भिंतीला टेप लावली, एक डोळा मिटला आणि म्हणालो, “हा कोपरा आउट आहे.” अण्णांनी कपाळावर हात मारला. “मला कवापास्नं वाटतंय! बायको म्हणती तुमचीच नजर वाकडी. पुढल्या म्हयन्यात वरचा मजला काढायचाय. त्योबी तुमीच घ्यायचा. ठरलं?”

वरचा मजला! मला सिमेंट आणि वाळू किती किती घालायची ते माहीत नव्हतं. पण मान? ती परत हलली.

दुपारपर्यंत मी सहा हात लांबीचे तीन थर लावले. बारा वाजता अण्णा जेवून, भिंत न बघताच मळ्याकडं गेले. गाडीचा आवाज लांब गेला तशा मावशी उठल्या, भिंतीजवळ आल्या आणि वरच्या थराला फक्त एक बोट लावलं. चार विटा सरकून खाली आल्या.

“मिस्त्री,” मावशी शांतपणे म्हणाल्या, “पयल्यांदाच धरलीया व्हय थापी?”

मी सगळं सांगून टाकलं. नोकरी, मशीन, डबा, सासरे, माळ्यावरची पिशवी, सगळं. मला वाटलं ही बाई आता गावभर करणार.

“मला वळीख लागली हुती,” त्या म्हणाल्या. “पयल्या दिशी अड्ड्यावर ‘सायेब, किती माणसं पायजेत’ म्हणून तुमाला मीच इचारलं हुतं.”

मग पदर खोचला. “आमी मूळचं जतकडचं. सासरा मेंढरं घिऊन हिंडायचा, पर माझा नवरा मिस्त्री झाला. ईस वर्सं त्येच्या हाताखाली माल दिला. थर कसा बसतो ते डोळं झाकून सांगीन. पर बाईच्या हातात थापी बघून काम कोण देतंय? आना ती हिकडं. तुमी धरला गेलासा तर उद्याचं माझंबी काम जाईल. आन आदी त्या ईटा पान्यात टाका! कोरडी ईट मालातलं पानी पिती, मग भिंत धरंल कशी?”

आणि मग मी बघतच राहिलो. त्यांनी दोरी ताणली, ओळंबा सोडला, माल पसरला, वीट ठेवली, थापीच्या मुठीनं टकटक केलं, पुढची वीट. मी रिजेक्ट केलेल्या विटा घेतल्या हो त्यांनी! लहानमोठी वीट मालानं सांभाळून घेतली आणि वरनं थर एका रेषेत. कुणाला बाजूला टाकलंच नाही.

मी बिगारी झालो. “माल आना! पानी लय झालं! घमेलं डोस्क्यावर घ्या, पोटावर काय धरताय?” तीन तासांत मला जेवढं बोलून घ्यावं लागलं तेवढं अकरा वर्षांत मी कुणाला बोललो नसेन. पण भिंत चढत होती. उरलेली बाजू छातीपर्यंत आली. माझी बाजू पाडून नीट करू असं त्या म्हणत होत्या, तेवढ्यात अण्णा मागनं चालत आले. गाडीचा आवाजच नाही!

भिंत दोन तऱ्हेची. डावीकडचे माझे तीन थर पोट सुटल्यासारखे. उजवीकडची सरळसोट. आणि थापी मावशींच्या हातात.

अण्णा डाव्या बाजूकडं बोट दाखवून कडाडले. “बाई! तुला माल कालवाय आणलंय का भिंत घालाय? ही बाजू बिघडवून ठिवलीस! आन हिकडं बघ, मिस्त्रींचं काम कसं हाय! उद्यापास्नं येऊ नगंस तू.”

मावशींनी थापी खाली ठेवली, पदर सोडला आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मला फक्त गप्प बसायचं होतं. वरचा मजला मिळत होता, कपबशी मिळत होती, संध्याकाळी सुनंदाला ‘काम लागलं’ म्हणून सांगता येत होतं. पण अकरा वर्षांत मी एकाचा खराब पार्ट दुसऱ्याच्या नावावर कधी लिहिला नव्हता. तेवढी एकच गोष्ट मला नीट येत होती.

“अण्णा,” मी म्हणालो, “वाकडी माझी. सरळ त्यांची. मी मिस्त्री नाही, मला यातलं काही येत नाही.”

अण्णांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा मावशींकडं. मग ओळंबा उचलला. आधी सरळ बाजूला लावला. दोरी भिंतीला चिकटून राहिली. मग माझ्या बाजूला लावला. दोन बोटं फट!

“सकाळी तुमीच शिकिवलंसा,” अण्णा म्हणाले. “ही भिंत रिजेक्ट!”

आणि असे हसले की गोठ्यातली म्हैस दावं ओढून उभी राहिली. मावशीपण तोंडाला पदर लावून हसल्या. मी मात्र हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही.

हसणं ओसरल्यावर अण्णा मावशींकडं वळले. “बाई, माझं चुकलं. उद्यापास्नं तुमी मिस्त्री. वरचा मजलाबी तुमीच बघा. आन ह्येला बिगारी घेणार का, ते तुमी ठरवा.”

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “घेती. खरं बोलतोय. बाकी शिकंल.”

अण्णांच्या घरी दिवस बुडायच्या आत जेवतात. आम्हालाही जेवल्याशिवाय सोडलं नाही. ज्याला फसवलं त्याच्याच घरी मी चार भाकरी खाल्ल्या. त्या अण्णांचे आणि त्या बाईचे उपकार मी आयुष्यात विसरणार नाही.

घरी आलो. सुनंदाला सगळं सांगितलं आणि पिशवी पुढं केली. थापीवर सिमेंट वाळलं होतं. मला वाटलं, आता काही खरं नाही. तिनं नखानं ते सिमेंट खरवडलं. मग म्हणाली, “बाबा गेल्यापास्नं हिला माल लागला नव्हता. आता ती मावशींनाच द्या.”

पुढच्या सुट्टीला तिनं मावशींनाच बोलावलं, आमच्या न्हाणीची पडकी भिंत घालायला. बिगारी अर्थातच मी. दहा वाजता सुनंदा चहा घेऊन आली. मावशींना खुर्ची आणि लग्नातली ठेवणीतली कपबशी. मी आपला वाळूच्या ढिगावर, माझ्याच अंगणात, स्टीलच्या पेल्याची वाट बघत.

“मला गं?”

“थांबा की,” सुनंदा म्हणाली आणि मावशींकडं वळली. “मावशी, ह्येनी ईटा नीट भिजवल्यात का?”

मावशींनी बशीतला चहा संपवला, सावकाश उठल्या, पिंपात हात घातला आणि एक वीट पाण्यातच बोटानं दाबून बघितली.

“आजून बुडबुडं येत्यात, ईट पुरतं पानी प्याली न्हाई. अर्धा तास जाऊ दे.”

अर्ध्या तासानं मिळाला मला चहा. गार!